गुदमरलेली गाठ मोजायची कशासाठी?

फुफ्फुसाच्या कर्करोगातला ऑक्सिजनचा तुटवडा पेट स्कॅनने (शरीरात सोडलेले किरणोत्सर्गी द्रव्य कुठे साचते ते टिपणाऱ्या चित्रणाने) मोजावा की नाही, हा वाद तीस वर्षांहून जुना आहे, आणि माझ्या मते जवळपास तेवढीच वर्षे तो चुकीच्या मुद्द्यावर घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, या स्कॅनमुळे गाठीचा नकाशाच हाती आला. आता जिथे ऑक्सिजन कमी तिथे मिलिमीटरच्या हिशेबाने किरणांचा डोस वाढवावा. दुसरी बाजू म्हणते, नकाशा धूसर आहे, आज एक दाखवतो आणि उद्या दुसरेच, इतक्या वर्षांत रोजच्या उपचारात त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा आता हा नाद सोडा. दोघांचे भांडण एकाच प्रश्नावर आहे: चित्र किती खरे? रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ते चित्र पाहून डॉक्टर कोणता निर्णय बदलणार? माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हायपॉक्सियावर, म्हणजे ऑक्सिजनच्या या चणचणीवर, उतारा म्हणून जो कोणता उपाय फुफ्फुसाच्या गाठींवर अजमावला जाईल, त्याच्या चाचणीत रुग्ण निवडण्याआधी हायपॉक्सिया मोजणे बंधनकारक असावे, आणि त्यासाठी आज हाताशी असलेले सर्वांत भरवशाचे साधन पेट आहे. त्याच चित्रावरून गाठीच्या आत डोस कमी-जास्त रंगवण्याचा प्रयत्न मात्र तूर्त बाजूला ठेवावा. ‘कोणाच्या गाठीत’ हे आधी, ‘गाठीत कुठे’ हे नंतर.

1955 साली थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी ज्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले त्या फुफ्फुसाच्याच होत्या, हे या वादात बहुतेक वेळा विसरले जाते. त्यांना दिसले ते असे: पेशींचे दोरखंड, त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या, आणि जाड दोरखंडांच्या मधोमध मेलेल्या पेशींचा गाभा. दोरखंडाची त्रिज्या सुमारे 160 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असेल तर मेलेला गाभा सापडत नसे. 200 मायक्रॉनच्या पुढे गेली की तो हमखास सापडे. आणि दोरखंड कितीही जाड झाला तरी बाहेरच्या जिवंत पट्ट्याची जाडी फारशी वाढत नसे. या मोजमापांतून त्यांनी जो हिशेब मांडला तो आजही टिकून आहे. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन वाटेतल्या पेशी खर्च करत जातात आणि दीडएकशे मायक्रॉनवर तो संपतो. त्या सीमेवर ज्या पेशी असतात त्या गुदमरलेल्या असतात, पण जिवंत असतात. दोनच वर्षे आधी, 1953 मध्ये, ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की किरणांचा मारा होतो त्या क्षणी पेशीत ऑक्सिजन किती आहे यावर तिचे मरण अवलंबून असते. किरणांनी डीएनएला केलेल्या जखमेला ऑक्सिजन चिकटला की ती पक्की होते. तो नसेल तर पेशी ती बुजवू शकते. ऑक्सिजन अजिबात नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. साठ ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचे एकक) देऊन जी गाठ विरघळायला हवी होती ती त्याच जागी पुन्हा का उगवते, याचे एक कारण या सीमेवरच्या पेशींत आहे.

या पेशी शोधायच्या कशा? सुई टोचून ऑक्सिजनचा दाब मोजणारे इलेक्ट्रोड होते. जर्मनीत माइन्झ येथे हॉकेल आणि फाउपेल यांनी त्यांच्या साहाय्याने नव्वदच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर फार मोलाचे काम केले. ऑक्सिजन कमी तर पुढची वाटचाल वाईट, हे तिथे स्वच्छ दिसले. पण हलत्या फुफ्फुसात, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी अशी सुई वारंवार खुपसली तर फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा शिरायची भीती. म्हणून रसायनाची वाट धरावी लागली. फ्लुओरोमिसोनिडाझोल, ज्याला या कामातले लोक एफमिसो म्हणतात, पेशीत शिरले की तिथली विकरे (एन्झाइम) त्याच्या नायट्रो गटावर एक इलेक्ट्रॉन चढवतात. पेशीत ऑक्सिजन असेल तर तो हा इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, रेणू पूर्ववत होतो आणि आला तसा बाहेर पडतो. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन चढत जातात आणि रेणू आतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. त्याला जोडलेले फ्लोरिन-18 कॅमेऱ्याला दिसते. मेलेल्या पेशीत विकरे चालत नाहीत, म्हणून मेलेला गाभा उजळत नाही. म्हणजे थॉमलिन्सन आणि ग्रे यांना काचपट्टीवर दिसलेल्या त्या जिवंत पण गुदमरलेल्या पट्ट्यालाच हे द्रव्य धरते. नेहमीचा साखरेचा पेट स्कॅन हे काम करू शकत नाही, कारण गाठीतल्या पुष्कळ पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही साखर अधाशासारखी खातात. जीवरसायनशास्त्रज्ञ वॉरबर्ग यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवले आहे. साखरेच्या स्कॅनवर लखलखणारी गाठ गुदमरलेली असेलच असे नाही.

आता विरोधकांचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि स्कॅनच्या समर्थकांनी ते नेहमी अर्धवट ऐकले आहेत. पेट कॅमेऱ्याला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील धड दिसत नाही. ऑक्सिजनची चढउतार घडते ती दीडशे मायक्रॉनमध्ये. चित्रातल्या एकेका ठिपक्यात भरपेट, अर्धपोटी आणि मेलेल्या अशा लक्षावधी पेशी एकत्र कोंबलेल्या असतात. त्यात फुफ्फुस श्वासागणिक हलते. खालच्या भागातली गाठ तर एकेका श्वासाला सेंटिमीटरभरही वरखाली होते आणि चित्र आणखी पुसट करते. एफमिसो रक्तातून सावकाश उतरते, म्हणून इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावे लागते, आणि तेव्हाही गाठ आणि रक्त यांच्यातला फरक तुटपुंजा असतो. बऱ्याच अभ्यासांत रक्ताच्या 1.2 पट उजळपणा दिसला की त्या जागेला हायपॉक्सिक म्हटले जाते. साखरेच्या स्कॅनमध्ये गाठ भोवतालच्या कितीतरी पट उजळते. इथे वीस टक्क्यांवर निकाल लावायचा असतो. शिवाय हायपॉक्सिया एका जागी बसून राहत नाही. काही केशवाहिन्या थोडा वेळ बंद पडतात आणि पुन्हा उघडतात, तसा तुटवडा इकडून तिकडे सरकतो. डोके-मानेच्या गाठींचे तीन दिवसांच्या अंतराने दोनदा एफमिसो स्कॅन केले तेव्हा कित्येक रुग्णांत उजळलेल्या जागांची मांडणी बदललेली सापडली. फुफ्फुसाच्या रुग्णांत अशाच दुहेरी स्कॅनचे निकाल जास्त स्थिर आले, पण ते रुग्ण मोजकेच होते.

हे सगळे मला मान्य आहे. पण यातून सिद्ध काय होते? गाठीच्या कोणत्या कोपऱ्यात तुटवडा आहे हे खात्रीने सांगता येत नाही, एवढेच. गाठीत एकूण तुटवडा किती, हा प्रश्न यातून निकालात निघत नाही. ठिपक्यात सगळ्या पेशींची सरसकट बेरीज होते ही तक्रार ‘कुठे’ विचारणाऱ्याला घातक आहे; ‘किती’ विचारणाऱ्याला बेरीजच हवी असते. एकेका ठिपक्यातला गोंगाट शेकडो ठिपक्यांच्या सरासरीत बराच विरतो. नदीच्या पात्रातला भोवरा रोज जागा बदलतो म्हणून पाणी किती वाहते ते मोजू नये, असे कोणी म्हणत नाही. विरोधक नकाशा फाडतात आणि त्याबरोबर मापही फेकून देतात. त्याचा दोष समर्थकांकडेही जातो. 2000 साली लिंग आणि सहकाऱ्यांनी जैविक लक्ष्याची, म्हणजे गाठीतले जैविक फरक पाहून डोस आखण्याची, कल्पना मांडली तेव्हापासून नकाशाचे स्वप्न इतके मोठे झाले की मापाची साधी उपयुक्तता सांगायची राहून गेली.

विरोधकांचा दुसरा पुरावा फ्रान्समधल्या एका चाचणीचा आहे, आणि तो फुफ्फुसाच्याच कर्करोगाचा असल्यामुळे जास्त टोचतो. आरटीईपी-5 या चाचणीत रुग्णांचे एफमिसो पेट केले गेले, आणि ज्यांच्या गाठीत हायपॉक्सिया दिसला त्यांना, निरोगी अवयवांना झेपेल तिथवर, जास्त डोस दिला गेला. 2017 मध्ये निष्कर्ष आले. हायपॉक्सिया असलेल्यांची वाटचाल वाईट होती, आणि वाढीव डोसने ती पालटली नाही. ‘झाले, स्कॅन निरुपयोगी’ असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी निष्कर्षाचा पहिला भाग पुन्हा वाचावा. कोणाचे वाईट होणार हे स्कॅनने आधीच सांगितले होते. फसला तो उतारा. जास्त डोस हा फुफ्फुसात मुळातच डळमळीत उतारा आहे, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी 0617 या चाचणीने दाखवले होते: 60 ग्रे घेणारे रुग्ण मध्यकाने 28.7 महिने जगले, 74 ग्रे घेणारे 20.3 महिने. हृदय, अन्ननलिका आणि निरोगी फुफ्फुस यांना पूर्ण चुकवून मोठ्या गाठीत डोस ओतता येत नाही. इलाज हरला म्हणून निदानाला दोष देणे हा कुठला न्याय?

इथे मात्र एक भेद प्रामाणिकपणे मानायला हवा, कारण स्कॅनचे समर्थक तो गाळून पुढे जातात. भविष्य सांगणारे माप आणि निवड करणारे माप या दोन वेगळ्या जाती आहेत. तुमचे वाईट होणार एवढेच सांगणारी तपासणी रुग्णाच्या हाती काहीच ठेवत नाही. अमुक उपाय तुम्हाला लागू पडेल आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पडणार नाही, असे सांगणारी तपासणी कामाची. एफमिसो पहिल्या जातीचे आहे याचे पुरावे भरपूर आहेत. दुसऱ्या जातीचे आहे याचे पुरावे थोडे आहेत, पण जे आहेत ते दृष्टीआड करण्याजोगे नाहीत. टिरापाझामाइन हे औषध ऑक्सिजन नसलेल्या पेशीत खरे विषारी बनते. डोके-मानेच्या कर्करोगावरच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात 45 रुग्णांचे एफमिसो पेट झाले होते. मूळ गाठीत किंवा लसिकाग्रंथींत हायपॉक्सिया असूनही ज्यांना हे औषध मिळाले नाही अशा 13 जणांपैकी 8 जणांत रोग त्याच भागात परतला. हायपॉक्सिया होता आणि औषधही मिळाले अशा 19 जणांपैकी फक्त एकात. आकडे लहान आहेत, अवयवही वेगळा आहे. तरीही असा निकाल हाती आल्यावर पुढची पायरी कोणती असायला हवी होती? हायपॉक्सिक रुग्ण निवडून मोठी चाचणी. प्रत्यक्षात 861 रुग्णांची मोठी चाचणी झाली, ती हायपॉक्सिया न पाहता सगळ्यांना घेऊन. 2010 मध्ये निष्कर्ष आले: फरक नाही. त्या चाचणीत काही ठिकाणी किरणोपचाराचा दर्जाही कमी पडला होता आणि त्याने निकाल बिघडवला, हे खरे आहे. पण ज्यांच्या गाठीत औषधाला जागे करणारी परिस्थितीच नव्हती त्यांनाही ते दिले गेले, हा भाग उरतोच. औषध बासनात गेले, आणि ते काही जणांना वाचवू शकले असते का, हे आता कधीच कळणार नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगाला हा धडा नवा नाही. गेफिटिनिब ही या कर्करोगावरची गोळी आठवा. 2005 मध्ये त्याची सरसकट रुग्णांवरची मोठी चाचणी फसली आणि औषध मोडीत निघण्याच्या बेतात होते. पण आदल्याच वर्षी संशोधकांना कळले होते की ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात ठराविक बदल असतात त्यांच्यात हे औषध काम करते. 2009 मध्ये आयपास या चाचणीचे निष्कर्ष आले. जनुकात बदल असलेल्यांत रोग वाढण्याचा धोका केमोथेरपीच्या तुलनेत निम्म्यावर आला. बदल नसलेल्यांत तोच धोका जवळपास तिप्पट झाला. एकच गोळी, एकच रोग, आणि तपासणीविना सरासरी काढली असती तर निम्मे सत्य निम्म्या सत्याने खोडले गेले असते. आज फुफ्फुसाच्या रुग्णाला ही गोळी जनुक न तपासता देण्याचा विचारही कोणी करत नाही. मग हायपॉक्सियावरचे औषध हायपॉक्सिया न तपासता अजमावणे आपल्याला खटकत का नाही?

यावर एक चांगले उत्तर मिळते: जनुकातला बदल असतो किंवा नसतो, हायपॉक्सिया ही चढती भाजणी आहे, तिच्यात रेघ कुठे मारणार? सिअॅटलमधल्या 1996 च्या अभ्यासात तर फुफ्फुसाच्या जवळपास प्रत्येक गाठीत थोडाफार हायपॉक्सिया निघाला होता. बरोबर. पण त्याच अभ्यासात गुदमरलेल्या भागाचे प्रमाण एका गाठीत अगदी किरकोळ आणि दुसरीत नव्वद टक्क्यांपुढे होते. या दोघांना एका रांगेत उभे करायचे? आणि भाजणीची अडचण असेल तर पीडी-एल1 कडे पाहा, म्हणजे गाठीतल्या त्या प्रथिनाकडे, ज्याच्या प्रमाणावरून इम्युनोथेरपीसाठी रुग्ण निवडतात. तेही चढत्या भाजणीचे आहे, गाठीत ठिकठिकाणी वेगळे असते, काळानुसार बदलते, आणि बायॉप्सीच्या एका तुकड्यावरून मोजले जाते. हायपॉक्सिया पेटवर जेवढे आक्षेप आहेत ते बहुतेक सगळे त्याला लागू पडतात. तरी 2016 मध्ये एका चाचणीने पन्नास टक्क्यांवर रेघ मारून रुग्ण निवडले आणि इम्युनोथेरपी पहिल्या फळीचा उपचार बनली. त्याच सुमारास त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाने पाच टक्क्यांवर रेघ मारली आणि ती चाचणी फसली. दोन्ही चाचण्यांत इतरही फरक होते, पण रेघ कुठे मारली याने निकाल किती हलू शकतो ते सगळ्यांनी पाहिले. माप निर्दोष होईपर्यंत कोणी थांबले नव्हते. रेघ चाचणीतच शोधली गेली.

सरसकट रुग्ण घेतल्याने काय होते ते साध्या आकडेमोडीतही दिसते. उदाहरणादाखल धरा की एखादा उपाय फक्त हायपॉक्सिक रुग्णांत शंभरातल्या वीस जणांना फायदा देतो आणि अशा गाठी शंभरात चाळीस आहेत. सगळ्यांना घेतले तर सरासरी फायदा आठवर येतो. चाचणीला लागणारी रुग्णसंख्या फरकाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वाढते. वीसऐवजी आठ दिसणार असतील तर सुमारे सहापट रुग्ण लागतात. निवड करायची म्हटली तर एका रुग्णामागे अडीच जणांचे स्कॅन करावे लागतील, हे खरे. पण अडीचपट स्कॅन आणि सहापट रुग्णांवर वर्षानुवर्षांची चाचणी यांत महाग काय? आणि उरलेल्या, हायपॉक्सिया नसलेल्या साठ टक्के लोकांना मिळणारे औषध त्यांना कधीच लागू पडणार नव्हते. दुष्परिणाम मात्र लागू पडणार होते. स्कॅनचा खर्च सगळे मोजतात. न मोजता दिलेल्या उपचाराचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

न मोजता ऑक्सिजन वाढवण्याचा इतिहास तर फारच बोलका आहे. 1955 मध्येच लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णांना जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून किरण द्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या निबंधावर थॉमलिन्सन यांचेही नाव आहे. पुढच्या दोन दशकांत काही अवयवांत फायदा दिसला, काहींत नाही, आणि कोणाच्या गाठीत ऑक्सिजन पोचला हे मात्र पाहिलेच गेले नाही. मग आले रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिन. तर्क सरळ होता: हिमोग्लोबिन वाढले की गाठीला ऑक्सिजन मिळेल आणि किरण लागू पडतील. 2003 मध्ये डोके-मानेच्या 351 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हिमोग्लोबिन छान वाढले होते, आणि औषध घेतलेल्यांत रोग जास्त लवकर परतला होता. रक्तातला आकडा सुधारला म्हणजे गाठीतला सुधारला, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. गाठीत डोकावून पाहण्याचे साधन तेव्हाही होते.

आणखी एक आक्षेप किरणोपचार करणारे अनुभवी डॉक्टर घेतात, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सहा आठवडे रोज थोडा थोडा डोस देण्यामागे एक कारण हेच आहे की आधी भरपेट पेशी मरतात, त्यांचा खर्च थांबतो, वाचलेला ऑक्सिजन मागच्या अर्धपोटी पेशींपर्यंत पोचतो आणि त्या पुढच्या डोसला बळी पडतात. गाठ आपोआप श्वास घेऊ लागते. मग उपचाराआधीचे माप काय कामाचे? उत्तर असे की काही गाठी श्वास घेऊ लागतात आणि काही लागत नाहीत, आणि कोणती कोणत्या गटात आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणजे हा आक्षेप मोजण्याच्या विरोधात जात नाही; दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजा, असे तो सांगतो. तीन-पाच मोठ्या डोसांत उरकणाऱ्या स्टिरिओटॅक्टिक उपचारात तर गाठीला श्वास घ्यायला सवडच कमी मिळते. लहान गाठींत तिथे डोस इतका जबर असतो की त्याने भागते. मोठ्या गाठींत भागेल का, याची मला चिंता वाटते.

पेटऐवजी दुसरे काही का नको, असेही विचारले जाते. बायॉप्सीतल्या जनुकांवरून हायपॉक्सियाचा अंदाज बांधता येतो, आणि ते स्वस्त आहे. पण शितावरून भाताची परीक्षा तेव्हाच खरी जेव्हा पातेल्यातला सगळा भात सारखा शिजलेला असतो. गाठ तशी नसते, आणि सुई सहसा कडेच्या जिवंत भागातून तुकडा आणते. ऑक्सिजन हुंगायला देऊन केला जाणारा एमआरआय मला आशादायक वाटतो. किरणोत्सर्ग नाही, ट्रेसर (टोचायचे शोधक द्रव्य) नाही. तो पेटच्या बरोबरीने उतरला तर मी आनंदाने त्याच्या बाजूला जाईन. माझा आग्रह मोजण्याचा आहे, यंत्राचा नाही. रुग्णाला होणारा त्रास मात्र मी हलका मानत नाही. धाप लागणाऱ्या माणसाला इंजेक्शन देऊन तीन-चार तास थांबवायचे, मग हात डोक्यावर ठेवून यंत्रात निजवायचे, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचे. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते, म्हणून सगळे घड्याळाच्या काट्यावर. हे मागायचे तर बदल्यात त्याच्या उपचाराबद्दल काहीतरी ठरायला हवे. नुसत्या कुतूहलापोटी, निबंधात एक रंगीत आकृती घालण्यासाठी हे स्कॅन करणे मला गैर वाटते.

बदल्यात काय ठरू शकते याची दोन उदाहरणे आहेत. एक कमी करण्याचे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात, एफमिसो पेटवर ज्यांच्यात हायपॉक्सिया नव्हता किंवा उपचार सुरू होताच मावळला, त्यांना नेहमीच्या 70 ऐवजी फक्त 30 ग्रे दिले गेले आणि बहुतेकांत रोग काबूत राहिला. तो कर्करोग किरणांना फार लवकर बळी पडतो. फुफ्फुसाला तो हिशेब जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल. पण स्कॅनवरून उपचार सुटसुटीत करता येतो, ही शक्यता फुफ्फुसाच्या चर्चेत कोणी काढतच नाही. दुसरे उदाहरण ऑक्सफर्डचे. अॅटोव्हाक्वोन हे मलेरियाचे जुने औषध पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाचा ऑक्सिजन खर्च कमी करते; पुरवठा वाढवण्याऐवजी मागणीच आवरायची. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांना ते दिले, काहींना नाही, आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेतलेल्यांच्या गाठीतला हायपॉक्सिक भाग पेटवर लक्षणीय घटलेला दिसला. हे कळले कशामुळे? मोजल्यामुळे. एरिथ्रोपोएटिनच्या वेळी जी खिडकी कोणी उघडली नाही ती इथे पहिल्याच पायरीवर उघडली गेली.

हायपॉक्सियासाठी मी कोणती वेगळी सवलतही मागत नाही. साखरेच्या पेटनेही स्वतःला सिद्ध करूनच जागा मिळवली. 2002 मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत फुफ्फुसाच्या 188 रुग्णांपैकी निम्म्यांचे शस्त्रक्रियेआधी पेट केले गेले, आणि छाती उघडूनही उपयोग न झाल्याचे प्रमाण 41 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आले. चित्र किती सुंदर आहे यावर तो निकाल लागला नव्हता. किती जणांच्या छातीवरचा निष्फळ घाव टळला यावर लागला. एफमिसोलाही हीच कसोटी लावा. तिसऱ्या टप्प्यातले, शस्त्रक्रिया न होऊ शकणारे रुग्ण घ्या. सगळ्यांचा स्कॅन करा, श्वासाची हालचाल हिशेबात धरून आणि रेघ आधीच लिहून ठेवून. रेघेच्या वरचे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा: एकाला नेहमीचे केमो-रेडिएशन, दुसऱ्याला त्याबरोबर ऑक्सिजनची मागणी आवरणारे औषध. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. रेघेखालच्यांना नेहमीचा उपचार देऊन त्यांच्यावरही तेवढेच बारीक लक्ष ठेवा, म्हणजे रेघ खरी होती का तेही कळेल. दुसऱ्या स्कॅनवर हायपॉक्सिया ओसरलेला दिसला आणि तरीही दोन वर्षांनी गाठ दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात परतली, तर माझे म्हणणे चुकले असे मी मान्य करीन आणि कोणत्याही धापलेल्या रुग्णाला या स्कॅनसाठी चार तास थांबवू नका, असे सांगणाऱ्यांत मीही असेन.